आजचा शब्द

सोमवार, ६ ऑक्टोबर
पोचलो बाबा एकदाचा! नेब्रास्काच्या मक्याच्या शेतांत, जमिनीखाली क्षेपणास्त्रांचा जुना तळ आणि त्यात आमची शाळा. शुक्रवारी परीक्षा. पास झालो की देशांतर्गत सुरक्षेचं पहिल्या पायरीचं प्रमाणपत्र, आणि काउंटीच्या आपत्ती कार्यालयात खुर्चीवरची नोकरी. एकोणीस वर्षं कारखान्यात डुकरं कापली, पुरे झालं आता. बायको मार्लिस म्हणाली, वर्जिल, नापास होऊन आलास तर दार उघडणार नाही. शेजारच्या खाटेवर डेलमार म्हणून निवृत्त बसड्रायव्हर आहे. घोरतो मरणाचा, पण माणूस लाख मोलाचा. रोज टिपण लिहायचा नियम आहे, म्हणून ही वही.

मंगळवार, ७
शिक्षिका लोर्ना हॅस्केट, बाई भलतीच कडक. सरावात एकजण वर मदतीच्या फोनवर बसतो, दुसरा खाली अडकल्याचं सोंग करतो. रडा, भेका, 'हे खरं आहे हो' म्हणून शपथा घ्या. जितकं खरं वाटेल तितके गुण. आणि खरंच काही झालं तर? त्यासाठी रोज सकाळच्या बैठकीत एक शब्द सांगतात. तो उच्चारला की सगळं जागच्या जागी थांबतं. नाही उच्चारला, तर कितीही आकांत करा, नाटकच समजायचं. आज 'भोपळा' होता. हसून हसून पोट दुखलं.

बुधवार, ८
सकाळी पॅनकेकची तिसरी थप्पी सोडवेना. डेलमारला म्हटलं, बैठकीत माझी सही ठोक. ठोकली बिचाऱ्यानं. मी वर्गात येऊन टेकतोय तोच बाईंनी पुकारलं: आज अडकलेला माणूस वर्जिल. डेलमारला शब्द विचारायलाही फुरसत मिळाली नाही. आता अगदी तळाच्या खोलीत आहे. दाराला बाहेरून कडी. डोक्याला दिवा, भिंतीला फोन, मांडीवर वही. मजा वाटतेय खरं तर.

१०:२० — सरावासाठी वीज तोडली. सकाळपासूनची घरघर थांबली. ती पाणी उपसणाऱ्या पंपाची होती, हे आत्ता कळलं. फरशीतून पाणी वर येतंय.

१०:५० — घोटे बुडाले. फोन केला. डेलमारच होता. शब्द सांग म्हटलं. कुजबुजला, बाई शेजारीच बसल्यात, खोटी सही कळली तर दोघंही घरी. अर्धा तास कळ काढ रे राजा. पाणी खरं आहे म्हटलं. तर मोठ्यानं म्हणतो, वा, काय रडतोस!

११:२५ — कंबरेपर्यंत. गारठलोय. फोनवर आता कुणी मुलगी. डेलमारची पाळी संपली म्हणे. सहीची चोरी कबूल केली, बायकोची शपथ घेतली. गोड आवाजात म्हणाली, सर, आजचा शब्द सांगा. माहीत नाही म्हटलं. तिनं शेजारी कुणाला तरी सांगितलं, यांना पैकीच्या पैकी द्या.

कडी हलत नाही. खांदा गेला बहुतेक — टेबलावर उभा आहे. पाणी छातीला. भीती वाटतेय, मार्लिस, फार —

परत फोन लावला. उचलला तिनं. ठेवू नको म्हटलं. ऐकतेय. सुचेल तो शब्द म्हणतोय, लिहितोय, परत तोच नको म्हणून. मका. कात्री. घंटा — नाही म्हणते. टोपी. रविवार. लोणी. शिडी. नाही. बूट. मार्लिस — नावं नसतात सर, म्हणते. चमचा. कंदील. निळा. दोरी. पूल. सफरचं