शिवणी ते तेजपूर किती कोस

अमरावती, ता. १२ एप्रिल १९६१

प्रति,
मा. अधिकारीसाहेब,
विमानतळ, शिवणी, जि. अकोला.

विषय : शिवणी ते तेजपूर (आसाम) विमानाचं अंतर कोसांत व वेळ तासांत लिहून, गोल शिक्का मारून मिळणेबाबत.
संदर्भ : भातकुली येथे गेल्या रविवारी झालेली मारामारी.

महोदय,

सदर अर्जदार हा अर्ज लिहिणारच नव्हता. दोनदा कागद टायपिंग मशीनमधून ओढून फाडला. विमानाच्या साहेबाला साक्षगंधातलं भांडण काय सांगावं, लाज वाटली. पण गोष्ट कुऱ्हाडीपर्यंत आली.

१) अर्जदाराचा दोस्त देवमन तेजपूरच्या विमानतळावर सामान चढवायच्या कामाला आहे. त्याचं साक्षगंध भातकुलीच्या पुंजाजींच्या शालूशी होतं. साखर तोंडात होती, तेवढ्यात पुंजाजींनी विचारलं, पोरगी किती दूर जाईन? अर्जदार म्हणाला, "अकराशे." त्याच दमात देवमनचे काका महादेवराव म्हणाले, "सतराशे." अर्जदाराचे मैल होते, काकांचे नवे किलोमीटर. मांडवाने दोन्ही कोस ऐकले. भातकुलीत नुसता आकडा सांगितला की तो कोसच असतो.

२) पुंजाजी उठले. "सहाशे कोस कोठी दडवले बे? पोरगी देऊन राहिलो का फेकून राहिलो?" अर्जदाराने समजावलं, विमानाने सहा-साडेसहा तासच लागतात. तर जास्तच पेटलं. "सहा तासात त आमची बैलबंडी अमरावती करून येते!" दोन मैलांचा कोस धरला तर साडेपाचशेच भरतात, असं अर्जदार ओरडला. हा तिसरा आकडा निघाल्याबरोबर पुंजाजींचा भाचा देवीदास याने बंडीची उभारी, म्हणजे बाजूचा उभा दांडा, उपसली.

३) पहिल्या फटक्यात महादेवरावांच्या खांद्याचं हाड गेलं. दुसरा देवमनच्या कानावर. कान लोंबत होता. तशातच देवमनने देवीदासच्या अंगठ्याचं पेर दातांनी तोडून थुंकलं. शालू मधात पडली, तिचं मनगट मोडलं. कोणाच्या फटक्याने, ते कोणी सांगत नाही. अर्जदाराला फक्त लाथा बसल्या.

४) पुंजाजी माणूस मानत नाहीत, शिक्का मानतात. शालूने निरोप धाडला : "कोसाचा सरकारी कागद आणा. मी करीन त यालेच करीन." देवीदास गावभर सांगतो, रविवारच्या बाजारात दुसरा कान घेतो. देवमन दवाखान्यात पडल्या पडल्या कुऱ्हाड मागतो.

५) तरी साहेबांनी कोस हा शब्द मोठ्या अक्षरात लिहावा. मैल, किलोमीटर लिहूच नये, हात जोडतो. मधात विमान कुठं थांबत असेल तर तेही लिहू नये. कागद न्यायला अर्जदार शुक्रवारी सकाळपासून गेटापाशी उभा राहील.

आपल्या शिक्क्याच्या भरवशावर,
श्रावण तायडे

ता. क. देवमनला काल शब्द दिला आहे, तो साहेबांना माहीत असावा : "कुऱ्हाड माह्यापाशी राहू दे. कागद आला त तुह्या लग्नाची लाकडं मी तिनंच फोडतो. नाही आला त धार लावून मीच तुह्या हातात देतो."