जावयाची बाटली

हिंगोली,
फेब्रुवारी १९७८

आदरणीय दाजी यांना रामजीचा सप्रेम जयभीम.

इकडे सर्व खुशाल. तिकडे पद्माअक्काचा खोकला आणि तुमची म्हैस कशी आहेत? (म्हशीला मागे ठेवलं, त्यात अनादर नाही.)

आईचा गुडघा बदलला! काल मुंबईहून परतलो आणि ती स्टेशनातून टांग्यापर्यंत काठी टेकत स्वतः चालत गेली. टांगेवाला रडला. (किंवा घोड्यानं धूळ उडवली असेल.)

तुम्ही ऑपरेशनसाठी रक्ताची बाटली देऊन मुंबईहून परत निघालात आणि घरात एकट्या तुमचंच रक्त जुळलं, हे आईला कळलं. ती खाटेवर उठून बसली. "लेकीच्या घरचं मी पाणी पेत न्हाई, अन् जावयाचं रक्त घेऊ? जावयाला द्यायचं असतंय! चल हिंगोलीला." मी पाय धरले, तरी ऐकेना. (त्यात दुखराही होता.) शेवटी डॉक्टरांनी समजावलं, की मांडीला हवेचा पट्टा आवळतो, म्हणजे कापताना रक्त जात नाही, मग वाहणाऱ्या नसांना विजेचा चटका आणि वर घट्ट पट्टी.

"मंग बाटली लागायची न्हाई?"

"शक्यतो नाही, आजी."

आईनं 'शक्यतो' ऐकलं नाही. मी ऐकलं आणि गप्प बसलो. असं गप्प बसणं खोटं बोलण्यात मोडतं का, यावर रोजनिशीची पानं भरली. निकाल लागलेला नाही.

पण दाजी, काय तो पट्टा! बाटलीला हात न लावता ऑपरेशन पार पडलं. मी वॉर्डभर पेढे वाटले. आता आई भेटेल त्याला गुडघा वाकवून दाखवते, जणू पट्टा तिनंच शोधला.

अक्काला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुमचा,
रामजी

ता. क. लिहिल्यावाचून राहवत नाही. दुसऱ्या दिवशी जखमेतून जरा जास्त रक्त गेलं आणि तुमची अर्धी बाटली चढवली. आई गुंगीत होती, लाल औषध समजली. तिनं विचारलं, तर "बाटली जशीच्या तशी परत मिळाली" असं सांगा. मला ते जमणार नाही; तुम्ही म्हशी विकता.

ता. क. २. घात झाला. "काय लिहिलास, वाच," आई म्हणाली, आणि मला गाळून वाचता येत नाही. तिनं गुडघा एकदा वाकवून बघितला. मग म्हणाली, "रक्तच घेतलं, आता पाण्याचं काय राहिलं? लिही जावईबापूला, रविवारच्या मोटारीनं कनेरगावला तुमच्या घरी येतेय. महिनाभर पद्मीच्या हातचं खाते."

तेव्हा दाजी, पाट नको, तिला खाली बसता येत नाही; एक उंच खुर्ची मिळवा. आणि अक्काला हे तव्यावर भाकरी नसताना सांगा. लग्न झाल्यापासून वाट बघून राहिली आहे, करपून जाईल.