टेकडीवरचा धूर

पनवेल, शनिवार, २३ एप्रिल २०१६

ओवे गावाजवळच्या वाडीत पाण्याच्या टँकरसाठी सभा होती. मी बोलत असताना टेकडीवर धूर दिसला. वाडीतल्या हिराबाई उठून म्हणाल्या, "दादा, वनवा हाय, जाव द्या आमाला."

मी हात उंचावला. "मावशी, बसा! आज उठलात तर टँकर विसरा!"

टाळ्या पडल्या. त्या बसल्या.

भाषण संपल्यावर सगळे हिरव्या डहाळ्या घेऊन आग झोडपायला धावले, तोवर टेकडीच्या पायथ्याची हिराबाईंच्या पेंढ्याची गंजी जळून गेली होती. पावसापर्यंत म्हशीला काय घालणार?

धूर मला त्यांच्याआधी दिसला होता. वाक्य रंगात आलं होतं, म्हणून थांबलो नाही?

निघताना त्या म्हणाल्या, "भाषण बेस झाला, दादा. आता म्हैस तुमचे दारात बांदू का?"

सगळे हसले. मीही हसलो. का हसलो?