निरोपाचं कडवं

मयुरीताई,

उन्हाळी लोकगीत शिबिरातून कवडू सरांचा फोन आला तर सांग, प्रज्वलचा घसा बसला. घसा ठणठणीत आहे वं. पण मी घरी शिबिरात शिकलेलं डहाक्याचं, देव-पितरांले बोलावाचं गाणं म्हटलं की मागून बाबा झील धरतात. जिवंत होते तवा बेसूर होते, आता पक्के सुरात आहेत. आई खूश आहे, त्यायच्यासाठीही चहा मांडून राहिली.

आज सर शेवटचं, निरोपाचं कडवं शिकवणार आहेत. ते म्हटलं की गाण्यानं बोलावलेल्याले परत जा लागते, अशी रीत आहे. म्हणून मी क्लास बुडवून दूध आणाले गेलो.

काल बाबांनी स्वतःच ते कडवं सुरू केलं होतं. आईनं मिक्सर लावला.

प्रज्वल