प्रकरण तीन ते अकरा

तीर्थस्वरूप मामी,

साष्टांग नमस्कार. डोळ्याची पट्टी निघाली का? निघाली नसेल तर हे पत्र तसंच उशीखाली ठेवा, मामांकडून वाचून घेऊ नका. (शेजारच्या काकूंकडून तर मुळीच नको.) थेंब वेळच्या वेळी घालता ना? मामांचा खोकला कसा आहे? आम्ही इकडे मजेत आहोत, म्हणजे गेल्या सोमवारपर्यंत होतो.

मी नोकरीत नक्की करतो काय, असं तुम्ही मागे विचारलं होतंत. तर आमच्या तत्त्वज्ञान विभागात हल्ली कोणी विचार करत नाही, सगळे मोजतात. एक जुना निनावी ग्रंथ आहे. तो गुरूने लिहिला की शिष्याने, यावर विद्वान लोक तीनशे वर्षं भांडताहेत. आता हा निवाडा कॉम्प्युटर करणार. युक्ती अशी, की सत्य, बुद्धी, आत्मा असले भारदस्त शब्द बघायचेच नाहीत, ते कोणीही कोणाचेही उचलतो. बघायचं ते ‘निदान’, ‘मुळात’, ‘उगाच’, ‘तरी’ यांच्याकडे. जसा प्रत्येकाचा मिठाचा हात वेगळा, तसा या बारक्या शब्दांचाही. लिहिणाऱ्याच्या ते ध्यानीमनी नसतं. आमची प्रोग्रामर (तिला सगळे ‘बॅकअप’ म्हणतात, कारण ती जेवणाचे डबे दोन आणते) म्हणाली, आधी यंत्राची परीक्षा घेऊ. ज्यांचा लेखक पक्का माहीत आहे असे कागद त्याला घालू आणि कोणाचं काय ते ओळखतं का बघू.

झालं! मी उत्साहाच्या भरात वॉचमनची तक्रारवही घातली, विभागप्रमुख बाईंच्या नोटिसा घातल्या, आणि मामांचा ‘तत्त्वज्ञानाचा इतिहास’ घातला. (तुमच्या ऑपरेशनमुळे नवव्या आवृत्तीची प्रुफं यंदा माझ्याकडे आलीत, तेव्हा फाइल आयतीच हाताशी होती.) शिवाय तत्त्वज्ञानाशी काडीचाही संबंध नसलेलं काहीतरी हवं होतं, म्हणून मी हॉस्टेलला असताना तुम्ही पाठवलेली सगळी पत्रं टाइप करून घातली. रागावू नका. हे वर्गीकरण माझं होतं आणि ते साफ चुकलं.

यंत्राने वॉचमन वॉचमनच्या ढिगात टाकला, बाई बाईंच्या. मामांची प्रस्तावना आणि पहिली दोन प्रकरणं एका ढिगात. आणि प्रकरण तीन ते अकरा, मामी, सरळ तुमच्या पत्रांच्या ढिगात! म्हणजे ‘ओल्या केसांनी बाहेर पडू नकोस’ याच्या शेजारी बुद्धिवाद. आम्ही पोट धरधरून हसलो. मग फायली तपासल्या. मग पुन्हा चालवलं. बॅकअपने तीनदा सगळं पुसून नव्याने केलं (त्या नादात तिचा दुसरा डबा तसाच राहिला, यावरून काय ते ओळखा) आणि तिन्ही वेळा यंत्र ढिम्म हललं नाही.

तेवढ्यात विभागप्रमुख बाई आल्या. त्या मामांच्या पट्टशिष्या. सातव्या प्रकरणावर तर त्यांचा एवढा जीव की ते त्यांना तोंडपाठ आहे. यंत्राचं थोबाड फोडायला म्हणून त्यांनी ते म्हणून दाखवायला सुरुवात केली. त्यात सगळ्यावर संशय घेणारा तो तत्त्वज्ञ आहे ना, घरातली कपाटं एकेक करून उपसतो, काहीच खात्रीचं सापडत नाही, आणि शेवटी म्हणतो की निदान उपसणारा तरी कोणीतरी आहे. बाई म्हणता म्हणता थांबल्या. अहो, मामांनी आयुष्यात एक कपाट उघडलंय का? त्यांना स्वतःचा टॉवेल सापडत नाही!

मग एकेक आठवू लागलं. जेवणाच्या टेबलावर भाजीची परात सारून तुम्ही लिहीत बसायचात, आणि विचारलं तर म्हणायचात, काही नाही रे, यांचं स्वच्छ उतरवून काढतेय. आणि ‘हे’ आरामखुर्चीत चिंतन करायचे, डोळे मिटून, तोंड उघडं ठेवून. प्रस्तावनेत शेवटी मामांनी लिहिलंय की पत्नीने हस्तलिखित स्वच्छ करून दिलं, पण तिचे आभार मानणं म्हणजे परकेपणा होईल. हे वाक्य शंभर टक्के मामांचंच आहे, असं यंत्र म्हणतं. मामी, मला हसू आलं, मग राग आला, आणि मग स्वतःचीच लाज वाटली. चाळीस वर्षं लोक ते पुस्तक वाचताहेत, आणि त्यावर तुमचं नाव कुठेच नाही. उद्या दुपारी प्रुफं छापखान्यात गेली की पुढची दहा वर्षं पुन्हा तेच. बाई म्हणतात, गप्प बसू नकोस. पण मामांपुढे उभं राहायची माझी छाती नाही. मी सत्याचा साधा सेवक, मला घरात भांडण नको. डोळा सांभाळा.

तुमचा भाचा

ता. क. परीक्षा पुरती व्हावी म्हणून बॅकअपने मला न विचारता माझा प्रबंधही यंत्रात घातला. चौथं प्रकरण (जे तुम्ही ‘नुसतं शुद्धलेखन बघून’ दिलं होतंत) कोणाच्या ढिगात गेलं ते सांगत नाही. वरचा ‘राग आला’ हा मजकूर त्या बेताने वाचावा.

आणखी ता. क. या सगळ्या प्रयोगाचा वीस पानी अहवाल महिनाअखेरीस द्यायचाय. मोजणी झालीय, लिहायचं तेवढं राहिलंय. पट्टी निघाली असेल तर बघता का? पण कृपा करून या वेळी ‘उगाच’ जरा कमी घाला, यंत्र लगेच ओळखतं.

शेवटचा ता. क. मामांपुढे उभं राहायची छाती नाही हे खरं, पण प्रुफं मामा बघत नाहीत हेही खरं. मघाशी पहिल्या पानावर मामांच्या नावाच्या वर तुमचं नाव घातलं. (वर अशासाठी की पानं तुमची जास्त.) तुमची हरकत असेल तर उद्या, शुक्रवारी, दुपारी बाराच्या आत कळवा. पत्र आत्ता टपालात टाकतोय, शनिवारी मिळेल.