गाडी वाटेत आहे

आधी मला हे सांग, नवी गाडी दारात यायच्या आधीच जुनी विकून टाकायची अक्कल कुठल्या शाळेत शिकवतात? मी तिसरीत शाळा सोडली, तरी नवी चप्पल पायात आल्याशिवाय जुनी फेकत नाही. माझा मुलगा एवढा शिकला आणि आज सुनेच्या सायकलवरून भाजी आणायला जातो.

असो. ताई, धाकटीचा नमस्कार घे. कंबर कशी आहे? लेक सामान बांधायला आली म्हणतेस, तर काचेची भांडी तिला तुझ्या डोळ्यांदेखत गुंडाळायला लाव. महिनाअखेरीस तू तिच्याकडे परदेशी कायमची जाणार, आणि त्याआधी नव्या विजेच्या गाडीतून मी तुला भेटून जाणार, असं ठरलं होतं. पण गाडी येईल तर ना. (फोनवरच सांगितलं असतं, पण या घरात फोन स्पीकरवर टाकून बोलतात. माझं बोलणं माझं राहत नाही.)

शोरूममधली मुलगी गोड बोलते. दर वेळी एकच, आजी, गाडी वाटेत आहे. कुठल्या वाटेत, विचारलं तर म्हणते, कॉम्प्युटरमध्ये तसं दाखवतंय. मी म्हटलं, मग कॉम्प्युटरमधूनच बाहेर काढ की बाई.

गाडीला वीज पाजायची पेटी मात्र भिंतीवर केव्हाच बसली. त्यासाठी माझी कपडे वाळत घालायची दोरी काढली. शेजारच्या दातांच्या डॉक्टरने आमच्या मागून गाडी सांगितली, त्याची आली. पण त्याची पेटी आली नाही. म्हणजे त्याच्याकडे गाडी आहे, पेटी नाही, आमच्याकडे पेटी आहे, गाडी नाही. आता रोज संध्याकाळी त्याची गाडी आमच्या अंगणात वीज पिते आणि माझा मुलगा शेजारी उभा राहून बघतो. वापरात नसली की पेटी बिघडते म्हणे. परवा तर त्याने त्या गाडीची काचही पुसली. सून आत गेली आणि भांडी जरा जोरात ठेवली.

आता खरी गंमत ऐक. गेल्या आठवड्यात गाड्या लादलेला एक लांबलचक ट्रक गल्लीत शिरला. सून कणकेच्या हातांनी बाहेर. मुलगा पुढच्या खोलीतल्या चष्म्याच्या दुकानात कुणाचे तरी डोळे तपासत होता, तो गिऱ्हाईक तसंच टाकून पळाला. ते गिऱ्हाईकही, नाकावर ती भिंगं बदलायची जाड फ्रेम, त्याच्या मागे चाचपडत आलं आणि डॉक्टरच्या फाटकाला हात जोडून म्हणालं, अभिनंदन, मोठी घेतलीत. ट्रकवाला खाली उतरला आणि विचारतो, इथून वळायला जागा मिळेल का. जागा आमच्यासमोरच होती, झाडून ठेवलेली. तिथे तो वळला, माझी एक कुंडी फोडली आणि गेला. ट्रकच्या वरच्या मजल्यावर आमच्याच रंगाची एक गाडी होती. ती कोपऱ्यावरून दिसेनाशी होईपर्यंत मुलगा उभा होता. मी हसणार होते, पण त्याच्याकडे बघितलं आणि कुंडीची खापरं गोळा करायला लागले.

जेवताना तो म्हणाला, आई, मावशीकडे तुला पुढच्या सीटवर बसवून नेणार, सगळ्यांत आधी तुलाच. मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार. केस पिकले तरी त्या वेळी त्याचं तोंड पहिलीतल्यासारखं होतं.

बाकी सगळं ठीक. जिने उतरताना कठडा धर, मोठेपणा करू नकोस.

तुझी धाकटी

ता. क. सकाळची बस थेट तुझ्या नाक्यावर थांबते, मी चौकशी केली आहे. माझी पिशवी भरून पलंगाखाली आहे. पण मी आपण होऊन बसने निघाले, तर त्याला वाटेल, आईनेही गाडीची आशा सोडली. ते मला नको.

आणखी एक. म्हणून तू त्याला लिही, की गाडीबिडी राहू दे, माझ्या बहिणीला उद्याच्या उद्या बसमध्ये बसवून दे, नाहीतर मी न भेटता जाईन. मावशीचा शब्द तो मोडत नाही. मी सुचवलं हे चुकूनही लिहू नकोस. मला उत्तर पाठवू नकोस, त्याच्याच नावाने पाठव. आणि तूच लिही, लेकीला लिहू देऊ नकोस. ती 'जमलं तर' असं घालील, आणि हा जमेपर्यंत वाट बघत बसेल.