मिठाची चकती

आये, तू गेलीस तेव्हा जेवढी होतीस, त्याहून मी आता मोठी झाले आहे. मैत्रीण आली की मी तुला आई म्हणायचे आणि ती गेली की पुन्हा आये. ते तुझ्या ध्यानात आलं असणारच. पण आज लिहायला बसले ती आमच्या त्या पुठ्ठ्याच्या खेळासाठी.

सहावीची परीक्षा संपून सुट्टी लागली होती. रेल्वेच्या क्वार्टर्समधली माझी मैत्रीण रोज दुपारी भिसेगावात आपल्या घरी यायची. आम्ही दोघींनी मोठ्या पुठ्ठ्यावर घरं आखली आणि उरलेल्या पुठ्ठ्याच्या चकत्या कापल्या. प्रत्येक चकतीवर एका जिनसाचं नाव. फोडलेले चिंचोके टाकायचे, जेवढे पांढरे पडतील तेवढी घरं पुढं जायचं, ढिगातली एक चकती उचलायची. एका पदार्थाचे चारही जिन्नस जमले की तो पदार्थ शिजला. वालाच्या बिरड्याचे चार, पिठल्याचे चार, खिरीचे चार. तू भाताच्या रोपांसाठी शेतात पालापाचोळ्याचा राब भाजून यायचीस, कपाळावर राख तशीच, आणि चुलीपाशी बसून आमच्याकडं बघायचीस. एकदा म्हणालीस, "मला बी घ्या की गं." घेतलं. पण तुला वाचता येत नव्हतं. चकती उचललीस की ती माझ्यापुढं धरायचीस, "हे काय लिवलंय गं?" मग तुझ्याकडं काय आहे ते आम्हा दोघींना कळायचं. मैत्रीण हसली. मीही हसले. मला चित्रं चांगली काढता यायची, आये. प्रत्येक चकतीवर एक छोटंसं चित्र काढायला कितीसा वेळ लागला असता?

आमचा खेळ नेहमी अडायचा. मला हवा असलेला गूळ ती दाबून बसायची, तिचं बेसन मी. तू म्हणालीस, "एक जिन्नस नाय म्हणून सैपाक अडून ऱ्हातो काय गं? एक मिठाची चकती ठेवा. जे नाय त्याच्या जागी ती लावायची. मीठ समद्यात जातं." मैत्रीण म्हणाली, "खिरीत पण?" "चिमूटभर घालून बघ, मग इचार," तू म्हणालीस, आणि शिवणाच्या डब्यातलं मोठं पांढरं बटण काढून ढिगात टाकलंस. "ही मला बी वळखता येईल." त्या दिवशी खेळ पहिल्यांदा शेवटपर्यंत गेला, आणि तू एक डाव जिंकलीस. इतकी खुश झालीस की चुलीवरची भाकरी करपली.

माघात कर्जतच्या शाळेत तालुक्याचं प्रदर्शन भरलं. मी खेळ मांडून उभी होते. तू बाजाराला आली होतीस, वालाच्या शेंगांची पाटी दाराशी उतरवून आत आलीस आणि माझ्या मागं येऊन उभी राहिलीस. बाहेरगावच्या एक बाई बक्षिसं ठरवायला आल्या होत्या. त्यांनी बटण हातात घेतलं. "हे कसलं?" मी सांगितलं. त्यांना ते फार आवडलं. "सगळा खेळ यावरच चालतोय की! हे कुणाला सुचलं?"

मी म्हटलं, "मला."

मैत्रीण माझ्याकडं बघत राहिली. बाईंनी तुला विचारलं, "तुम्ही आई का? मुलगी हुशार आहे हो. तुम्हीही खेळता का?" आणि तू, आये, पदर सारखा करत म्हणालीस, "मला कुठलं येतंय, बाई. मला वाचता नाय येत. तिचं तिनंच केलंय समदं."

मला पहिला नंबर मिळाला, शाईचं पेन मिळालं. घरी जाताना तू पुढं चालते आहेस, रिकामी पाटी कमरेवर, आणि मी मागून येते आहे. आता बोलशील, मग बोलशील. रूळ ओलांडले तरी तू बोलत नाहीस. घरी पोचल्यावर एवढंच म्हणालीस, "भूक लागली असंल, हातपाय धू." रात्री जेवणं झाल्यावर पेन हातात घेऊन उलटसुलट पाहिलंस. "यानं माझं नाव लिवून दाव बरं, कसं दिसतंय ते." मी म्हटलं, "शाई उगाच संपेल."

त्यानंतर तू कधी खेळायला बसली नाहीस. बोलावलं की म्हणायचीस, "काम हाय गं." पुढं मी शिक्षिका झाले, कशेळ्याला बायकांचे साक्षरतेचे वर्ग घेतले, तुझ्या वयाच्या किती जणींचा हात धरून त्यांची नावं गिरवून घेतली. तुझा हात धरायचं राहिलं असं म्हणत आले. राहिलं नाही. पाटी-पेन्सिल घेऊन तुझ्यासमोर बसले तर तू त्या दिवसाचं काही विचारशील, याची भीती वाटायची.

मामाचं पोस्टकार्ड आलं की ते मीच तुला वाचून दाखवायचे. तू असतीस तर हे पत्रही मलाच वाचावं लागलं असतं. आणि खरं सांगते, आये, त्या प्रदर्शनाच्या आधी मी थांबले असते, ते पान न वाचताच गुपचूप उलटलं असतं, आणि पुढचं वाचलं असतं.